हात्सुयुकी पडला ती जागा

आमच्या गल्लीत एक पाटी घरोघरी फिरते. कचरा कोणत्या वारी उचलणार, देवळाच्या आवारातलं गवत कधी काढायचं, असे सगळे कागद त्या पाटीला अडकवलेले असतात. आपण वाचायचे, आपल्या घराचा शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या दाराशी ठेवून यायची. वाचतं कोण? मी तर शिक्का हातात धरूनच दार उघडते. पाटी आपल्याकडे रात्रभर राहिली तर शेजारी नावं ठेवतील, एवढीच घाई असते सगळ्यांना. पंचावन्न वर्षांत त्या घाईने माझं काही बिघडवलं नव्हतं. यंदाच्या मे महिन्यात बिघडवलं.

रविवार होता. मी शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी माझे हात मला खायला उठतात. सकाळी आठलाच अंगण दुसऱ्यांदा झाडत होते. कुंपणापलीकडून असाओकाकू म्हणाल्या, "किनुए, तुझ्या धीराचं कौतुक आहे हं. मी असते तर तो फलक लावूच दिला नसता."

"कोणता फलक?"

"अगं, घोडारेल्वेचा. आज दोन वाजता उघडायचाय ना?"

"तो होय! त्यात आमच्या आजोबांचं नाव आहे. बाबा आठवडाभर हवेत आहेत."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझा झाडू थांबला. त्या आत गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. पाटीवरच्या कागदांची हाताने नक्कल करून ठेवायची त्यांना खोड आहे. एरवी मी त्यावरून त्यांची टिंगल करते.

कागदावर लिहिलं होतं: 'मेइजी बेचाळीस साली याच ठिकाणी, उतरणाऱ्या गाडीचा चालक सेंझो याच्या हलगर्जीपणामुळे दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यात त्याचा घोडा हात्सुयुकी मेला. त्याच्या स्मरणार्थ हा दगड उभारण्यात आला.'

मेइजी बेचाळीस म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांपूर्वीचं साल. सेंझो म्हणजे माझे आजोबा. मी चार वर्षांची असताना ते गेले. मला आठवतात ते कोळशाच्या भट्टीवरून काळे होऊन घरी येणारे. त्याआधी इथे रुळांवरून घोडे गाड्या ओढायचे, त्यातली एक ते हाकायचे; घोडा मेल्यावर त्यांनी लगाम खाली ठेवला तो कायमचा, एवढंच घरात सांगितलं जायचं. चूक कोणाची, हे कधी कोणी बोललं नाही, आणि मी विचारलंही नाही. पण रोज सकाळी बाबा त्या दगडापुढे पाणी ठेवतात, हे मी माहेरी परत आल्यापासून पाहत आले आहे; लहानपणी ते पाणी घेऊन निघायचे तेव्हा मी झोपेत असायची. गुडघ्याइतका उंच दगड. त्यावर करुणेची देवी कान्नोन कोरलेली, तिच्या डोक्यावर घोड्याचं मुंडकं. आमच्या घरापासून जेमतेम चाळीस पावलांवर.

आत बाबा बूट पुसत बसले होते. शहाऐंशी वर्षांचा माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले, आणि सकाळपासून तिसऱ्यांदा तेच बूट पुसणं चाललेलं. "किनुए," ते म्हणाले, "फलकावरची अक्षरं मोठी असतील का गं? माझ्या बाबांचं नाव मी हाताने चाचपून बघीन."

दोन वाजायच्या आत ते वाक्य त्या फलकावरून जायला हवं होतं. सायकल काढली आणि निघाले.

हिराबायाशी गुरुजी चढाच्या वरच्या टोकाला राहतात. वीस वर्षांपूर्वी बदली होऊन आले, निवृत्त झाले आणि इथलेच होऊन बसले. घोडारेल्वेचा इतिहास त्यांनीच लिहिला, फलकाचा मजकूरही त्यांचाच. मी धापा टाकत दारात उभी, आणि ते शांतपणे सोयाबीनच्या कढणात कांद्याची पात घालत होते.

"गुरुजी, ते वाक्य काढा."

"कोणतं वाक्य?"

"तुम्हाला माहीत आहे कोणतं."

त्यांनी चूल बंद केली, कपाटातून एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. फलकाचा मजकूर, त्याखाली गल्लीतल्या एकोणीस घरांचे शिक्के. आमचाही होता. लालभडक, जरासुद्धा वाकडा नाही.

"तुमची संमती आहे, किनुएताई."

"मी वाचलंच नव्हतं!"

"मग शिक्का कशाला मारलात?"

जगात कोणी वाचून शिक्का मारतं का, हे ओठांवर आलेलं मी गिळलं. ते वाईट नाहीत, पण शाळामास्तर ते शाळामास्तरच. म्हणाले, "मी मनचं काही लिहीत नाही. चला, दाखवतो. सायकल इथेच राहू द्या. आपण उताराने चालत जाऊ, तुमच्या आजोबांची गाडी गेली तशीच."

त्यांचं चालणं म्हणजे गोगलगाय बरी. मी दहा पावलं पुढे जायची, परत यायची, पुन्हा पुढे जायची. ते मात्र प्रत्येक खुणेपाशी थांबत. तुतीच्या शेताखालची दगडी बांधाची भिंत. एका मोटार दुरुस्तीच्या दुकानामागे घोड्यांना पाणी पाजायची दगडी डोण, त्यात आता मालकाने लाल मासे सोडलेले. एका अंगणात वाळत घातलेल्या रजया, आणि त्या ज्या दांडीवर होत्या ती दांडी म्हणजे जुना रूळ. आत राहणारी म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "गुरुजी, दांडी परत मागायला तर नाही ना आलात?" ते खळखळून हसले. मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

म्योकेन देवळाकडे जाणारा फाटा आला, तो ओलांडून रस्ता जरा रुंद झाला. तिथे आता बसचा थांबा आहे आणि थंड पेयांचं यंत्र. गुरुजी मधोमध उभे राहिले.

"इथे रूळ दुहेरी होते. बाकी सगळीकडे एकच जोडी. त्यामुळे वर जाणारी आणि खाली येणारी गाडी फक्त इथेच एकमेकींना ओलांडू शकायच्या. नियम सोपा. जी आधी पोचेल तिने दुसरी येईपर्यंत थांबायचं."

"बरं."

"आता सांगा. टक्कर इथून खाली झाली असेल तर कोण थांबलं नाही?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. "खाली येणारी गाडी," मी म्हटलं.

"आणि इथून वर झाली असती तर?"

"वर जाणारी."

"दगड कुठे आहे?"

दगड तिथून तीनशे पावलं खाली होता, आमच्या घराजवळ. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "रेल्वे कंपनीचे कागद आगीत जळाले. त्या काळी गाडी हाकणारं कोणी उरलं नाही, तुमचे बाबा तेव्हा पोर होते. फक्त दगड आहे. घोडा जिथे पडतो तिथेच त्याचा दगड बसवतात, ही इथली रीत तुम्हालाच माहीत आहे. मला आनंद झाला असेल असं वाटतं का तुम्हाला?"

नव्हता झाला, ते दिसत होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

दगडापाशी पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. शेजारी फलक उभा होता, पांढऱ्या कापडात गुंडाळून दोरीने बांधलेला. मी त्या दगडाभोवती घिरट्या घालायला लागले. पुढून कान्नोन. मागे चहाच्या झुडपांचं दाट कुंपण, दगडाला अगदी चिकटलेलं. मी काय शोधत होते मलाच ठाऊक नव्हतं. हात रिकामा राहवेना म्हणून कुंपणात खुपसला आणि दगडाच्या पाठीला लावला. बोटांना खाच लागली. मग दुसरी.

"गुरुजी, मागे काहीतरी कोरलंय."

"काय?"

मी फांद्या कडाकडा मोडायला सुरुवात केली. ते "अहो, अहो, कुंपण कोणाचं आहे?" म्हणत राहिले. कुंपण आमच्याच बाबांनी लावलेलं होतं. हाताला ओरखडे पडले, पण दगडाची पाठ मोकळी झाली. शेवाळाखाली अक्षरं होती. गुरुजींनी चष्मा वर केला आणि नाक दगडाला लागेपर्यंत वाकून वाचलं.

"उजवीकडे म्योकेन देऊळ. डावीकडे खिंड."

आम्ही दोघांनीही मान वर करून पाहिलं. तिथे उजवं नव्हतं आणि डावंही नव्हतं. रस्ता सरळ वर जात होता आणि सरळ खाली. म्योकेनचा फाटा मागे राहिला होता, दुहेरी रुळांच्याही वर. स्मारकाच्या पाठीवर वाटही कोरायची जुनी रीत आहे, पण असा वाट दाखवणारा दगड फाट्यावर असतो. फाटा नसलेल्या रस्त्यावर तो कोणाला वाट दाखवणार?

"हा वर होता," मी ओरडलेच. "हा दगड तिथे वर होता! म्हणजे टक्कर वर झाली. आजोबा अजून दुहेरी रुळांपर्यंत पोचलेच नव्हते. वर येणाराच न थांबता आला!"

गुरुजी रस्त्याच्या कडेला चक्क बसले. "मी पुढच्या बाजूचे ठसे घेतले," ते म्हणाले. "तीनदा घेतले. मागे हात घातला नाही."

"मग काढा तो फलक!"

"थांबा. एकोणचाळीस वर्षांपूर्वी, शोवा बावीसच्या पुरात अर्धा डोंगर खाली आला होता. त्यात दगड वाहून आला असेल, किंवा दुसराच एखादा दगड आणून इथे ठेवला असेल. एक अंदाज खोडून दुसरा अंदाज लिहू? एकदा ते केलं, आता ते कापड गुंडाळून उभं आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एक माणूस आणा, किनुएताई. जो म्हणेल की हा दगड हलला, मी पाहिलं. एकच पुरे. सगळ्यांसमोर मान खाली घालून चूक कबूल करीन."

मी घराकडे पळत सुटले. पंचावन्नाव्या वर्षी, एप्रन लावलेली, केसांत चहाची पानं. असाओकाकू काहीतरी म्हणाल्या, मी ऐकलं नाही. बाबांना माहीत असणार. बाबांना नसेल तर कोणाला?

ते कोट चढवत होते, बटणं एका घराने चुकलेली. मी ती सोडवून नीट लावत विचारलं, "बाबा, हात्सुयुकीचा दगड आधी वर होता का? म्योकेनच्या फाट्याशी?"

"होता की."

"मग खाली कसा आला?"

बाबांचा चेहरा खुलला. चोरून खाल्लेल्या मिठाईची गोष्ट सांगताना खुलतो तसा. "मी आणला. शोवा एकोणतीस साली, बत्तीस वर्षं झाली. तू तेव्हा लग्न होऊन गेली होतीस. रस्ता रुंद करत होते, सगळीकडे खणून ठेवलेलं. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, रोज सकाळी वरपर्यंत पाणी घेऊन जाणं जमेना. बाबांनी मरताना सांगितलं होतं, हात्सुयुकीला तहानलेला ठेवू नकोस. मग एक दिवस हातगाडी घेतली, दगड चढवला आणि आणला घराजवळ. कोणाला विचारलं नाही. विचारायचं काय? घोडा आपला, दगड आपला. कुंपणही लावलं, मोटारींचा उजेड त्याच्या डोळ्यांवर नको म्हणून."

ते हसले. मी बटण धरून तशीच उभी राहिले.

"का गं? का विचारतेस?"

जे हवं होतं ते माझ्या हातात आलं होतं. आजोबांवरचा डाग धुणारा एकमेव माणूस माझ्यासमोर कोट घालून उभा होता. पण ते सांगायचं म्हणजे हेही सांगायला हवं होतं, की बाबा, तो डाग तुम्हीच लावलात. तुम्ही मायेने दगड खाली आणलात, आणि म्हणून तुमचे वडील गुन्हेगार ठरले. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला हे सांगायचं? ज्याने बत्तीस वर्षं एक दिवस पाणी चुकवलं नाही त्याला?

"काही नाही," मी म्हणाले. "सहज."

जेवण त्यांनी केलं, मी नाही केलं. भाताचा वाडगा तीनदा उचलून खाली ठेवला. सांगू, नको सांगू, सांगू. एकदा वाटलं फलकावर काळा रंग ओतून यावा. एकदा वाटलं बाबांना ताप आलाय म्हणून घरीच ठेवावं. पण त्यांनी बूट घातले होते आणि खुर्चीत बसून दाराकडे तोंड केलं होतं. चाकांची खुर्ची मी ढकलली. चाळीस पावलं, आणि त्या दिवशी ती मला खिंडीइतकी लांब वाटली.

वीस-पंचवीस माणसं जमली होती. घडीच्या खुर्च्या, जवाचा गार चहा, मोची म्हणतात ते तांदळाचे लाल-पांढरे लाडू. गुरुजींनी दुरून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. माणूस सापडला नाही. त्यांचे खांदे पडले. नगर मंडळाच्या प्रमुखांनी दोरी ओढली, कापड खाली आलं, टाळ्या वाजल्या. मजकूर वाचून दाखवा असं कोणी गुरुजींना सांगितलं, तेव्हा ते घसा बसलाय असं काहीतरी पुटपुटले. मला वाटलं, सुटलो.

"किनुए," बाबा मोठ्याने म्हणाले, "तू वाच. मला ऐकायचंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या एकोणीस घरांतल्या निम्म्या लोकांनी तरी तो मजकूर त्याच क्षणी पहिल्यांदा वाचला असेल. काही चेहरे खाली गेले.

मी वाचायला लागले. "'मेइजी बेचाळीस साली याच ठिकाणी...'" इथवर होतं तसंच वाचलं आणि पुढचा शब्द समोर आला. तो तोंडातून निघेना. "'...याच ठिकाणी दोन गाड्यांची टक्कर झाली. चालक सेंझो याचा त्यात दोष नव्हता. तो नियमाने गाडी चालवणारा, घोड्यावर जीव लावणारा माणूस होता. त्याचा घोडा हात्सुयुकी इथे मेला.'" माझा आवाज भलताच मोठा निघत होता. कोणी खाकरलं नाही, कोणी चहाचा घोट घेतला नाही. मी धडधडीत खोटं वाचत होते आणि अख्खी गल्ली फलकाकडे बघत ते ऐकत होती. असाओकाकूंनी मान डोलावली, जणू अक्षर न् अक्षर तसंच आहे.

बाबाही मान डोलावत होते. मग थांबले.

"याच ठिकाणी?" ते म्हणाले. "हे चूक आहे. गुरुजी आहेत का? गुरुजी, इथे नाही हो. वर, म्योकेनच्या फाट्याशी. मी नऊ वर्षांचा होतो, हात्सुयुकीला झाकलेली चटई मी पाहिली आहे. हा दगड मी खाली आणला. एकोणतीस साली, हातगाडीवर."

गुरुजी खुर्च्या ओलांडत आले. त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. मग ते सगळ्यांकडे वळले, कंबरेत पार वाकले आणि म्हणाले, "मजकुरात गंभीर चूक आहे. ती माझी आहे. दुरुस्त होईपर्यंत फलक झाकलेला राहील." त्यांनी स्वतःच कापड उचललं आणि पुन्हा गुंडाळलं. लोक हायसं वाटून लाडवांकडे वळले.

मला उडी मारावीशी वाटत होती. आजोबा सुटले होते, आणि बाबांना काही कळलंही नव्हतं. मी खुर्ची वळवली आणि घराकडे निघाले, जरा जास्तच वेगात.

दहा पावलं गेलो असू. बाबा म्हणाले, "थांब."

थांबले.

"माझे डोळे गेलेत, कान नाही. तू वाचत होतीस तेव्हा गल्लीत एक माणूस श्वास घेत नव्हता. आणि जागेच्या चुकीसाठी कोणी इतकं वाकत नाही. खरं काय लिहिलं होतं?"

"तेच, बाबा."

"किनुए."

आयुष्यात मला गोष्ट पोटात ठेवता आलेली नाही. सकाळपासून ठेवली तीच कशी ठेवली कोण जाणे. सांगितलं. हलगर्जीपणा हा शब्दही सांगितला. तो का लिहिला गेला, तेही त्यांनी काढून घेतलंच. दगड खाली होता म्हणून.

ते पुसून पुसून चकाकणाऱ्या बुटांकडे बघत राहिले, जणू दिसत होते.

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुम्ही घोड्यासाठी आणलात, बाबा. तुम्हाला काय माहीत..."

"हो. घोड्याची तहान बघितली. बाबांचं बघितलं नाही." त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना असं रडताना आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. माझेही डोळे भरले, आणि हात खुर्चीवर असल्यामुळे पुसता येईनात. मग ते नाक ओढून म्हणाले, "खुर्ची फिरव."

"कशाला? घर आलं आता."

"गुरुजींना सांगायचंय. नुसती चूक दुरुस्त करू नका म्हणावं. चूक का झाली तेही लिहा. सेंझोचा मुलगा कानेकिची याने कोणाला न विचारता दगड हलवला, असं. पूर्ण नाव."

"बाबा, काही गरज नाही त्याची. लोक काय..."

"लोकांनी बाबांचं नाव वाचलं असतं ना? मग माझंही वाचू देत. फिरव."

रस्ता उताराचा, खुर्ची घराच्या दिशेने ओढ घेत होती. मी दोन्ही हातांनी ती धरली, फिरवली आणि वर ढकलायला लागले.